दोन रिंगा, थांबून एक

ऋजुता बेंडाळे जगातल्या सगळ्यात महागड्या थंडीत अडकली तेव्हा तिच्या अंगावर साडी होती आणि हातात नारळ.

साडी आणि नारळ अशासाठी, की त्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. सुतार रंध्याची करतो, शिंपी मशीनची करतो. ऋजुताचं हत्यार म्हणजे सहा मीटर रुंद आरशाची दुर्बीण. चांगथांगच्या पठारावर ती एका पांढऱ्या घुमटात बसलेली होती आणि दिवसाढवळ्याही आकाशाकडे बघायची. तिला आपला नेहमीचा उजेड नकोच होता. ती बघायची ऊब, म्हणजे अवरक्त किरण. सूर्य आरशात शिरला नाही म्हणजे झालं.

हे पठार असं कोरडं, की तिथं कुणी पापड वाळत घालत नाही. लाटता लाटताच तो तळायला तयार होतो. थंडी अशी, की आंगमोबाई सांगते, तिच्या आजोबांनी एकदा शिंक दिली ती जमिनीवर पडून टणकन वाजली. आंगमोबाई वेधशाळेची स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि एकुलती एक शेजारीण. लेहच्या बाजारातून झेंडू तिनंच आणून दिले होते, आणि आज ती गावात भाचीच्या लग्नाला गेली होती. वर उरली फक्त ऋजुता.

सकाळीच पुण्याहून फोन आला होता. चारुदत्त कोल्हे. दुर्बिणीचा शास्त्रज्ञ आणि ऋजुताचा नवरा. हाच क्रम तो स्वतःही लावायचा, असं ऋजुताचं म्हणणं.

"आज हवा फार कोरडी आहे," तो म्हणाला. "द्वारपाल दुपारीच घुमट उघडेल. तू आत जाऊ नकोस."

द्वारपाल म्हणजे वेधशाळा चालवणारं सॉफ्टवेअर. घुमट कधी उघडायचा, दार कधी लावायचं, सगळं तोच ठरवी.

"मी कशाला जातेय आत?"

"खंडेनवमी आहे म्हणून म्हटलं. कुंकूबिंकू नेऊ नकोस. आपण धूळ बघतो, धूळ नेत नाही."

"नेली तरी तुझी चाळण टाकेल की काढून. जवळचं सगळं वजा करायचं आणि हजारो प्रकाशवर्षांवरचं तेवढं जपून ठेवायचं. तुझ्यावरच गेलीय ती."

तिकडून आलं, "कॅलिब्रेशन झालं का?"

"झालं."

तीन वर्षं हे नवरा-बायको असंच बोलत होते.

आता ही धूळ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. धनू राशीत गॅसचा एक भला मोठा ढग आहे, आणि त्याच्या पोटात एक तरुण तारा. तरुण म्हणजे अंगात मस्ती आलेला. त्याचा जंबुपार, म्हणजे अतिनील, उजेड इतका प्रखर, की आसपासच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन तो उपटून काढतो. असा सोललेला, चमकता गॅस ताऱ्याभोवती साठतो. त्या गॅसमधून एक विशिष्ट रंगाचा उजेड निघतो आणि तिथंच अडकतो. एक अणू तो गिळतो आणि भलत्याच दिशेला ओकतो, दुसरा गिळतो, तिसरा ओकतो. सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर धाडलेल्या माणसासारखा तो आतल्या आत फिरत राहतो. बाहेर पडायची वाट त्याला एकच. मध्ये कुठंतरी धुळीचा कण भेटला पाहिजे. कण त्याला गिळतो, स्वतः तापतो आणि तीच ऊर्जा अवरक्त ऊब म्हणून सोडून देतो. त्या उबेला अणू अडवत नाहीत. ती सुटते आणि काही हजार वर्षांनी आपल्याकडे पोचते. अडकलेल्याला धूळ सोडवते ती अशी, रूप बदलून.

पण इतक्या रागीट ताऱ्याजवळ धूळ टिकेलच कशी? सगळे म्हणत, टिकत नाही. चारुदत्त म्हणे, टिकते, थवे करून राहते, आणि ताऱ्याच्या उचक्यांबरोबर तापते-निवते. ठोके देते. दहा वर्षं तो हे ठोके शोधत होता. परिषदेत तो उभा राहिला की मागच्या रांगेतून कुणीतरी छातीवर हात ठेवून खोकायचं.

आणि चाळण? अवरक्तात पंचाईत अशी, की ऊब सगळ्यालाच असते. आरसा, भिंत, हवा, माणूस, सगळंच उजळतं. भर उन्हात, हातात मशाल घेऊन काजवा शोधण्यातला प्रकार. म्हणून दुर्बीण मान डोलावते. एकदा ढगाकडे बघते, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, पुन्हा ढगाकडे. दोन्ही वेळा जे सारखं दिसलं ते इथलं, म्हणून वजा. उरलं ते तिथलं. ही वजाबाकी चारुदत्तनं लिहिली होती, आणि ती त्यानं इतकी बारीक विणली होती की तिच्यातून डासाची ऊबसुद्धा निसटत नसे.

घुमटाच्या दाराबाहेर वेताची टोपली असायची. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा तिथं फोन ठेवायचा, पिसं भरलेला कोट काढायचा, बूट काढायचे. मग अंगठा लावून नोंद करायची आणि आत जायचं. ऋजुतानं कोट काढला, फोन ठेवला, आणि अंगठा लावला नाही. लावला असता तर पुण्यात पडद्यावर 'आत: ऋजुता' असं उमटलं असतं आणि चारुदत्तचं व्याख्यान सुरू झालं असतं. दोन मिनिटांचं तर काम होतं.

आत माणूस आहे का हे बघणारा एक डोळा पूर्वी होता. तो स्वतःच गरम होतो म्हणून चारुदत्तनंच तो काढायला लावला होता.

तिनं दुर्बिणीच्या लोखंडी पायाला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. नारळ कुठं ठेवावा याचा विचार करत होती, तेवढ्यात मागं दार मिटलं. मिटलं म्हणजे रबर फुगून फटीत बसलं. दिवे गेले. डोक्यावर घुमटाची फट सरकत उघडली आणि पठाराचा वारा आत उतरला. द्वारपालाच्या मते आत कुणी नव्हतं आणि हवा कोरडी होती.

कडी होती, पण वेध चालू असताना ती फिरत नसे. ऋजुतानं ती ओढली, मग लाथ घातली. मोज्यातली लाथ ती, तिचं दाराला काय. वरची फट तीन पुरुष उंच, भिंत वाटीसारखी गुळगुळीत. विजेच्या तारा पोलादी पेटीत बंद. बंद करायचं बटण बाहेरच्या खोलीत, आणि माइकही तिथंच. घुमटात होता तो फक्त स्पीकर. पुण्याचा आवाज इथं यायचा, इथला तिथं जायचा नाही. वेध चालू असताना आत माणूस नसतोच, मग माइक कुणाला लावायचा?

"ढगावर लागली हो दुर्बीण, सर," स्पीकरमधून तहसीन मुजावरचा आवाज आला. सांगलीची ही मुलगी चारुदत्तच्या हाताखाली काम करायची. "ढग मावळेपर्यंत वेळच वेळ आहे."

"मावळेपर्यंत थांबवू नकोस," चारुदत्त म्हणाला.

ढग मावळणार अंधार पडून बराच वेळ झाल्यावर. आत्ता दुपारीच उणे बारा होतं. ऋजुतानं अंगावरच्या साडीकडे आणि स्वेटरकडे पाहिलं आणि साधा हिशेब केला. मावळेपर्यंत ती थांबली असती. त्यानंतर मात्र तिला थांबवणं कुणाला जमलं नसतं.

"चारू, अरे मी आत आहे," ती छताकडे बघून म्हणाली. म्हणून काय उपयोग, हे तिला ठाऊक होतं.

मग तिला सुचलं. आवाज जात नाही, पण ऊब जाते. इथून पुण्याला जाणारी एकच गोष्ट म्हणजे आरशात पडलेली ऊब. आरसा पुसायला रंगाऱ्यांसारखा एक घोडा ठेवलेला होता. त्यावर चढून तिनं अख्खा हात आरशासमोर हलवला.

"पक्षी गेला वाटतं," तहसीन म्हणाली.

"चाळणीनं टाकला का?"

"टाकला की."

हात फार ठळक. ऋजुतानं हातमोजा काढला आणि नुसता तळवा आरशाच्या कडेशी, जेमतेम चोरून दिसेल असा धरला. काही झालं नाही. दुर्बीण खट्ट करून उजवीकडे वळली, खट्ट करून डावीकडे. तळवा दोन्ही वेळा तिथंच, म्हणजे दोन्हीकडे सारखा, म्हणजे वजा. बायको असून नसल्यासारखी. हे तिला नवीन नव्हतं.

पण वजाबाकी कशी चालते हेही तिला ठाऊक होतं. खट्ट झालं, दुर्बीण ढगाकडे वळली, तिनं तळवा पुढं केला. खट्ट झालं, दुर्बीण रिकाम्या आकाशाकडे वळली, तिनं तळवा काखेत घातला. ढगाकडे ऊब, रिकाम्याकडे नाही. चाळणीला आता वजा करायला कारणच उरलं नाही.

"सर," तहसीन म्हणाली, "इकडं या जरा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ऋजुताच्या जिवात जीव आला. आता ओळखतील.

"ताऱ्याशेजारी ऊब वाढलीय. आत्ता नव्हती."

एखादं झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा आवाजात चारुदत्त म्हणाला, "तापतेय. तहसीन, धूळ तापतेय."

"अरे, धूळ कसली," ऋजुता म्हणाली. बोटं झोंबायला लागली म्हणून तिनं तळवा काखेतच ठेवला. तेवढ्यात पुण्यात, "निवली. बघ, निवली." तिनं पुन्हा तळवा काढला. "ठोका. हा ठोका आहे."

आणि मग पुण्यात जे सुरू झालं ते ऐकत ती घोड्यावर उभी राहिली. हात पुढं केला तर ठोका, मागं घेतला तर ठोक्यांमधला विसावा. घाईघाईनं केला तर तारा चिडलाय, सावकाश केला तर तारा शांत झालाय. ती जे जे करी ते ते त्याच्या सिद्धान्तात चपखल बसे. दहा वर्षं जे त्याला मिळालं नव्हतं ते बायको उजव्या हातानं वाढत होती, आणि तो ताटावरून उठायला तयार नव्हता.

"पेढे सांगू का सर?"

"सांग. आणि थांब, ऋजुताला फोन लाव. तिला पहिल्यांदा सांगायचं."

दाराबाहेर टोपलीत फोन वाजला. स्पष्ट ऐकू येत होता, चार हातांवर. ती घोड्यावरून उतरून दाराशी धावली आणि कडी धरून उभी राहिली. फोन वाजून वाजून थांबला.

"उचलत नाहीत मॅडम."

"रागावलीय. सकाळी मी तिला पूजेवरून बोललो."

"सर, विचारू का एक? मॅडम तिकडं का गेल्या?"

स्पीकर खरखरला. ऋजुता दाराला कान लावून होती, तो तिनं आता स्पीकरकडे केला.

"दुर्बिणीपाशी आपलं माणूस हवं, असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, मी जाते. मी म्हणालो, बरं. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. राहून गेलं. पुढं तीन वर्षं कॅलिब्रेशनबद्दलच बोलत राहिलो."

इतकं सरळ वाक्य तिनं त्याच्या तोंडून लग्नानंतर ऐकलं नव्हतं. आणि ऐकायला मिळालं तेव्हा ती अशा ठिकाणी होती, जिथून साधं 'हं' म्हणता येत नव्हतं.

बाहेर ऊन उतरलं. फटीतून दिसणारं आकाश निळ्याचं जांभळं झालं. पाय आहेत की नाहीत ते बघायला तिला खाली वाकावं लागत होतं. उजव्या हाताची दोन बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी ताठ झाली होती. आणि डाव्या हाताशी, दुर्बिणीच्या पायाशेजारी, मघा टेकवलेला नारळ होता.

नारळ चांगला वजनदार होता. लहानपणी फैजपूरला तिनं दगड मारून केळीचे घड पाडले होते, तेव्हा नेम चुकायचा नाही. आरसा फुटला की द्वारपाल बोंब मारेल, दार उघडेल. दहा वर्षांची दुर्बीण जाईल, पण ती जाणार नाही. ठोक्यांच्या नादात असलेला नवरा आरशाला मुकेल, बायकोला नाही. तिनं नारळ उचलून पाहिला. मग आरशात पाहिलं. जांभळं आकाश आणि त्यात एक साडी नेसलेली बाई, उलटी.

टोपलीत फोन पुन्हा वाजला. एकदा, दोनदा, आणि तुटला. रेंज गेली असावी. पण त्या तुटलेल्या दोन रिंगांनी ऋजुताच्या डोक्यात काहीतरी हललं.

ती दोघं पुण्यात शिकत होती तेव्हा फोनवर बोलायला पैसे पडायचे आणि मिस्ड कॉल फुकट असायचा. म्हणून पोरं-पोरी न उचललेल्या फोनांवर संसार करत. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा, थांबून एक, म्हणजे फाटकाशी उभा आहे, काही विचारू नकोस, खाली ये. ऋजुताच्या होस्टेलच्या फाटकाशी चारुदत्तनं ही खूण दोन वर्षं दिली होती. एकदा तिनं चुकून फोन उचलला, तर त्याचा बॅलन्स संपला आणि रिक्षाचे पैसे रिचार्जला घालून बिचारा चालत गेला होता. वर म्हणाला होता, मिस्ड कॉल उचलायचा नसतो, एवढं कळत नाही?

ती पुन्हा घोड्यावर चढली आणि नारळ पायाशी ठेवला, पण हाताला येईल असा.

खट्ट. ढगाकडे. तळवा पुढं. खट्ट, काखेत. पुन्हा ढगाकडे, तळवा पुढं. काखेत. मग एक फेरी काहीच नाही. मग एकदा तळवा. मग बराच वेळ गप्प. आणि पहिल्यापासून.

"सर, ठोके बदलले," तहसीन म्हणाली. "दोन, मग खंड, मग एक. असं कुठला तारा करतो हो?"

"थांब, थांब." कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "दोन कवचं असणार. आतलं दाट, बाहेरचं तितकंच दाट, आणि फार मागं एक विरळ तिसरं. जमतंय. अगदी जमतंय."

ऋजुतानं डोळे मिटले. याला मिस्ड कॉल दिला तरी हा त्याचंही समीकरण मांडतो. तिनं उजवा हात काखेत घातला आणि डाव्या हातानं नारळ उचलला.

पुन्हा एकदाच देऊन बघू, असं ती स्वतःला म्हणाली, आणि ते एकदा तिनं दोनदा केलं. मग तिसऱ्यांदा. दुर्बीण खट्ट करत राहिली. पुण्यात पेनाचा आवाज थांबला.

"दोन कवचं असती तर दुसऱ्या खेपेला अंतर वाढलं असतं ना सर?" तहसीन म्हणाली. "हे तर जसंच्या तसं येतंय."

पेन टेबलावर पडल्याचा आवाज आला.

"सर? पाणी देऊ का?"

"ऋजुताला फोन लाव."

टोपलीत फोन वाजू लागला.

"नाहीत उचलत."

"उचलणार नाही. आत्ता ती उचलणार नाही," चारुदत्त म्हणाला. "घुमट बंद कर. दार उघड."

"सर, ढग अजून वर आहे. तुम्ही दहा वर्षं..."

"तहसीन, बंद कर."

"करते. पण नोंदीत कारण काय घालू?"

"घाल, बायको खाली बोलावतेय."

दुर्बीण मान अर्धी वळवून थांबली. फट मिटली, दिवे लागले, आणि दाराचं रबर सुस्कारा टाकून फटीतून सुटलं. ऋजुता घोड्यावरून उतरली कशी, तिला आठवत नाही. कोटात शिरली, टोपलीशेजारी फरशीवरच बसली आणि वाजत असलेला फोन डाव्या हातानं कानाला लावला.

"हात कसे आहेत?" चारुदत्तनं विचारलं.

"आहेत."

"मिस्ड कॉल दिलास."

"बॅलन्स नव्हता."

तो हसला, किंवा हसायला निघाला आणि मध्येच थांबला. "मला वाटलं धूळ आहे."

"माहीत आहे. स्पीकर चालू होता."

"सगळं ऐकलंस?"

"पेढ्यांपर्यंत सगळं."

फोनवर दोघंही गप्प राहिली. पण ते गप्प राहणं तीन वर्षांतलं नव्हतं, त्याच्या पुष्कळ आधीचं होतं.

"ठोके गेले, चारू," शेवटी ती म्हणाली.

"गेले," तो म्हणाला. "तू आता चुलीपाशी जा. हात एकदम शेकू नकोस."

त्यानंतर पुण्यातल्या नोंदीत ते कारण तसंच राहिलं. तहसीननं खोडलं नाही, चारुदत्तनं खोडू दिलं नाही. पुढच्या परिषदेत ती नोंद ऐकून मागच्या रांगेला खोकण्याऐवजी काय करावं ते सुचलं नाही म्हणतात. ऋजुताच्या दोन बोटांची टोकं मात्र अजून बधिरच आहेत. चहाचा कप गरम आहे की गार, हे ती डाव्या हातानं बघते.

आठवडाभरानं, पठारावर ऊन कलतं झालेलं असताना, ती आंगमोबाईबरोबर स्वयंपाकघरात बसली होती. नारळ फोडला होता. फोडताना आंगमोबाई म्हणाली होती, हे फळ आहे की दगड, आणि ऋजुता म्हणाली होती, त्या दिवशी तेच ठरवायचं होतं. ओट्यावर फोन वाजला. दोनदा वाजून थांबला.

आंगमोबाईनं तो उचलायला हात पुढं केला. ऋजुतानं तिचा हात धरला.

"राहू दे."

"तुटला वाटतं."

"थांब."

फोन पुन्हा वाजला. एकदाच.

ऋजुतानं खिडकीतून पाहिलं. वेधशाळेच्या फाटकाशी धुळीचा लोट बसत होता आणि त्यातून एक टॅक्सी मागं वळत होती. फाटकाबाहेर कोट चुकीच्या मापाचा घातलेला एक माणूस उभा होता. एका हातात फोन, काखेत घुमटासाठी एक नवा डोळा खोक्यात भरून आणलेला.

तिनं फोन उचलला नाही. मिस्ड कॉल उचलायचा नसतो. तिनं बूट चढवले आणि खाली गेली.